दुसऱ्याचा बिल्ला

४ जानेवारी

ती. दादास भिंगरीचा नमस्कार,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी घसा फोडून सांगत होते की बारक्याला ताप आहे, आणि तू म्हणालास, "वा वा, अभिनंदन!" गोदीने तुझे कान खाल्ले ते खाल्लेच. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुमच्या गोदीचं आता संग्रहालय होतंय म्हणे. तिथल्या कोण बाई आहेत, त्यांचं मला पत्र आलं. 'आपले पती सुक्या गोदीत फिटर होते. त्यांची एखादी वस्तू, फोटो वा पत्र असल्यास कृपया द्यावे.' काय ती गोड भाषा! वस्तू कसल्या ठेवतेय मी? होतं नव्हतं ते गोदीची वसाहत सोडली त्याच दिवशी वाटून टाकलं. एक पत्र तेवढं आहे, तुला माहीत असलेलंच. तेच पाठवते. काचेत लावा म्हणावं, आणि खाली लिहा, बायको आणि दोन वर्षांचं पोर टाकून परदेशी जहाजावर चढलेल्या माणसाचं हे पत्र. येणारे-जाणारे बघतील तरी.

पण लिहायला बसले ती यासाठी नाही. बारक्याने मोटारी दुरुस्त करायचं दुकान सोडलं. कोळशाच्या जहाजावर इंजिनाला तेल घालायची नोकरी धरलीय. आणि जहाज कुठे जाणार? जिथून ते पत्र आलं होतं, त्याच बंदरात. २० फेब्रुवारीला निघतंय. तीस वर्षांचा घोडा झाला, लग्नाचं नाव काढलं की म्हणतो, आधी बापाला एक प्रश्न विचारून येतो. एकच. आम्हाला का टाकलं?

मी रडले, ओरडले, दोन दिवस जेवले नाही. ढिम्म! सबंध जगात तो एका माणसाचं ऐकतो, ते म्हणजे तू. बाप नव्हता तर मामा होता. दादा, त्याला दोन शब्द लिही. थांबव त्याला. समुद्राने माझं एक माणूस नेलं, दुसरं मी देणार नाही.

तुझी
भिंगरी


११ जानेवारी

सौ. भिंगरीस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. माझे गुडघे सोडले तर बाकी ठीक.

संग्रहालयाची मजाच आहे. ज्या दारातून जन्मभर आम्हाला गुरांसारखं आत हाकललं, तिथे आता लोक तिकीट काढून रांग लावतात. भट्टीच्या खोलीत चहाचं दुकान निघालंय. चहा असा, की आमच्या मुकादमाने कपासकट पाण्यात फेकला असता. वसाहतीच्या भिंतींना पिवळा रंग दिलाय, पण फक्त रस्त्याकडून. मागच्या बाजूची ओल आमची आम्हाला.

आणि हसू नकोस, मला नोकरी दिलीय. दाराशी बिल्ल्यांचा फळा आठवतो ना? त्याच्याजवळ स्टुलावर बसायचं आणि आल्यागेल्याला समजावून सांगायचं. आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढायचा, बाहेर पडताना परत टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. सगळे खिळे भरले की हजेरीवाला हात वर करायचा, भोंगा व्हायचा, समुद्राकडून येणाऱ्या भुयाराच्या झडपा उघडायच्या आणि सुक्या गोदीत पाणी यायचं. बघता बघता तळ खरवडून रंगवलेलं जहाज तरंगायला लागायचं. लोक माना डोलावतात, फोटो काढतात. मीही आता पोपटासारखा बोलतो.

ते पत्र मात्र संग्रहालयाला पाठवू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या घरातलं लोकांसमोर कशाला? खरं विचारशील तर फाडूनच टाक आता. इतकी वर्षं झाली, कागदच तो.

बारक्याला लिहितो. तरुण रक्त आहे, चार दिवसांत उतरेल.

तुझा
दादा


१९ जानेवारी

ती. दादास नमस्कार,

फाडून टाक म्हणतोस? अरे, तूच तर आणून दिलं होतंस! पोस्टमनने खालीच माझ्याकडे दिलं म्हणालास. बारक्याच्या बापाला धड सही येत नव्हती, तिथल्या कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार, हेही तूच म्हणालास. मी भांडी घासत होते, हात ओले, म्हणून वाचलंसही तूच. 'माझी वाट पाहू नकोस. मी इथे दुसरं घर केलं आहे. पोराला माझं नाव सांगू नकोस.' एवढंच. तिसरं वाक्य वाचताना तुझा आवाज फुटला, तेव्हा मला वाटलं, बघा, परक्याने केलेल्या पापाने माझ्या भावाचं काळीज फाटतंय.

बारक्या दहा वर्षांचा झाला आणि बाप कुठे म्हणून हटून बसला, तेव्हा मी ते पत्र त्याच्या हातात ठेवलं. त्याला ते पाठ आहे. बापाबद्दल त्याला तेवढंच ठाऊक आहे. उंच होता की बुटका, हसायचा कसा, मी एक अक्षर सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, पत्र वाच.

मी वसाहतीतच राहिले असते रे. पण नळावर गेले की बायका गप्प व्हायच्या. मला रांगेत पुढे जाऊ द्यायच्या, खाली बघायच्या. मला वाटायचं, हसताहेत. पळपुट्याची बायको आली म्हणून. चार महिन्यांत गाशा गुंडाळला तो त्यामुळे.

आणि तुझं बारक्याला पत्र कुठाय? पत्र नाही, लोकरीची टोपी आली! त्याने ती आरशासमोर घालून बघितली आणि म्हणाला, "आई, मामाने जायला आशीर्वाद दिला." तुला डोकं आहे की नाही, दादा? टोपी कसली पाठवतोस? मी तुला त्याला थांबवायला सांगितलं होतं.

तुझी
भिंगरी


२ फेब्रुवारी

सौ. भिंगरीस आशीर्वाद,

उशीर झाला. आमचा मुकादम गेला. वय झालंच होतं, तरी गुरासारखा राबलेला माणूस, वाईट वाटतं. त्याला पोचवून आलो आणि दोन दिवस नुसता पडून होतो. शेवटी शेवटी तो बोलत नव्हता. मी समोर बसलो की डोळे मिटून घ्यायचा. आमच्या टोळीतले आम्ही सहा, आता मी एकटाच उरलो.

परवा फळ्यापाशी एक बाई आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "हा फळा कधी चुकला का हो?" मी म्हटलं, "फळा कसा चुकेल बाई, लाकूड आणि खिळे ते." त्या हसल्या. मी घरी आलो, चहा केला, आणि तो समोर ठेवून तसाच बसलो. साय धरली त्यावर, तरी बसलो होतो.

टोपीचं चुकलं. बाजारात दिसली आणि घेतली. बारक्याला तीन वेळा लिहायला बसलो. 'चि. बारक्यास' लिहून होतं, पुढे हात चालत नाही. पण लिहितो, नक्की लिहितो. वीस तारखेपर्यंत वेळ आहे ना?

दादा


७ फेब्रुवारी

दादा,

वेळ नाही. जहाज लवकर सुटतंय. चौदाला. बारक्याची पेटी भरून दाराशी उभी आहे, येता-जाता माझ्या पायाला लागते.

मोठं काही लिहू नकोस. 'जाऊ नकोस, मामा' एवढे तीन शब्द लिही. नाहीतर तू स्वतः ये, आठ तासांचा तर रस्ता आहे. नाहीतर शेजाऱ्याला सांग, बारक्याला फोन लावून द्यायला. तुला फोनवर ऐकू येत नाही, पण बोलता तर येतं! तुझ्या पाया पडते. असं मी आजवर कोणाला म्हटलं नाही.

भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

काल पिशवी भरून गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो होतो. दोन गाड्या सोडल्या आणि घरी आलो. शेजारी म्हणाला, लावून देऊ का फोन? मी म्हटलं, नको, उद्या. आता हे लिहितोय. हे चौदाच्या आत तुला मिळायचं नाही, हे मला माहीत आहे. बहुतेक म्हणूनच लिहवतंय. असा भ्याड आहे तुझा भाऊ, हे आधी समजून घे आणि मग पुढे वाच.

फिटर कुठल्याही जहाजावर चढला नाही. त्याने दुसरं घर केलं नाही. तो त्याच दिवशी गेला, गोदीच्या भुयारात.

सकाळपासून आम्ही आतला गाळ काढत होतो. आम्ही सहा आणि फिटर सातवा, जाळीचे बोल्ट आवळायला. चारला काम उरकून बाहेर आलो. दारापाशी त्याच्या लक्षात आलं, पाना आत राहिला. पाना माझा होता. नवा होता. तो म्हणाला, "उद्या आणू का?" मी म्हटलं, "उद्या कुठला, पाणी सोडणार आहेत. जा, घेऊन ये." दाराशी नेहमी रांग लागायची, म्हणून आमच्यात एक जण सगळ्यांचे बिल्ले गोळा करून टांगायचा. सगळ्या टोळ्या तसंच करायच्या. हजेरीवाल्यालाही ठाऊक होतं, शेजारधर्मच होता तो. मी हात पुढे केला. फिटरने बिल्ला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आलोच." मी सातही बिल्ले टांगले आणि चहाला गेलो. कोणीतरी काहीतरी गमतीचं बोललं. काय ते आठवत नाही. मी हसलो, ते आठवतं.

मग भोंगा झाला.

भुयार भरायला चार मिनिटं लागतात. मी पळालो, मुकादमाला धरून हलवलं. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, "आता तिथे माणूस नाही. इथे सहा जणांचे संसार आहेत. दुसऱ्याचा बिल्ला टांगणं म्हणजे तुरुंग." मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. ओरडलो नाही. फळ्यावर बिल्ला होता, म्हणून वहीत लिहिलं गेलं, फिटर चार वाजता बाहेर पडला. मग लोकच म्हणाले, धक्क्यावर परदेशी जहाज होतं, चढला असेल.

तेरा दिवसांनी दुसऱ्या जहाजासाठी गोदी उपसली, तेव्हा तो जाळीपाशी सापडला. तेव्हाही सांगता आलं असतं. आम्ही त्याला ताडपत्रीत बांधलं आणि लाँचमधून बंदराच्या भिंतीबाहेर नेऊन सोडलं. पायाकडून मी धरलं होतं. वसाहतीत हळूहळू सगळ्यांना कळलं. नळावर कोणी तुला हसत नव्हतं गं. त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं.

तू रोज बारक्याला कडेवर घेऊन धक्क्यावर जायचीस, येईल त्या खलाशाला विचारायचीस. तुझं तोंड सुकत चाललं होतं. मला वाटलं, ही वाट बघत राहिली तर मरेल, चिडली तर जगेल. पत्राचा मजकूर माझा. अक्षर एका खलाशाचं. त्याचं जहाज त्या बंदराला चाललं होतं, म्हणून ते पत्र तिथून आलं. दुसरीकडे चाललं असतं तर दुसरीकडून आलं असतं. आणि बारक्या तिथे बाप शोधायला चाललाय.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

दादा


१८ फेब्रुवारी

पत्र आज मिळालं. बारक्या चौदाला सकाळी गेला.

अठ्ठावीस वर्षं तू मला प्रत्येक पत्रात सौ. लिहीत आलास. तुझा हात कसा धजला रे?

नवऱ्याला मी रोज शिव्या घातल्या. पोराला ताप आला की, छप्पर गळलं की, मीठ संपलं की. तो तुझा पाना शोधत होता. आता मला त्याच्यासाठी रडायचं आहे, तर रडूच येत नाही. सवयीने तोंडात शिवीच येते आणि मी तोंडावर हात दाबून बसते. हे तू केलंस. त्याला मारलंस ते एक वेळ चुकून झालं म्हणेन. पण हे तू ठरवून, बसून, शब्द निवडून केलंस.

बारक्याला मी हे फोनवर सांगणार नाही. एकटा आहे तिकडे, चहूकडे पाणी. परत आला की समोर बसवून सांगेन.

तू मला पुन्हा लिहू नकोस.


२५ मार्च

भिंगरे,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितोय. संग्रहालयाच्या बाईंना मी सगळं सांगितलं, अगदी ताडपत्रीपर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवलं. गोदीत गेलेल्या माणसांची नावं तिथे एका दगडी भिंतीवर कोरताहेत. फिटरचं नाव घालायला त्या तयार आहेत. घरच्या माणसाची सही लागते, तो कागद सोबत ठेवलाय. तेवढं एक मला करू दे.

वसाहतीतल्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्यात. "मेलेल्यांना कशाला उकरलंस?" म्हणतात. त्यांचेही नवरे होते त्या टोळीत.

बारक्याचं काही कळलं का? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

दादा


३० एप्रिल

दादा,

बारक्याचा फोन आला होता. मी मनाशी ठरवलं होतं, आवाज ऐकला की नुसतं 'परत ये' म्हणायचं. मला तोंडच उघडू दिलं नाही त्याने. हुंदके देऊन रडत होता. म्हणाला, "आई, बाबा सापडले."

त्या बंदरात म्हाताऱ्या खलाशांचा एक आश्रम आहे. तिथे एक म्हातारा आहे. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, कागदपत्रं काही नाहीत. कधीकाळी कुठल्याशा जहाजावरून उतरला आणि राहिला. हा आपल्या मुलखातला, एवढंच तिथल्यांना ठाऊक. बारक्या तिथे चौकशीला गेला होता. जाताना पाय खाटेला आपटला म्हणून त्याने आपल्या भाषेत सणसणीत शिवी हासडली, आणि तो म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याने बारक्याचा हात धरला, तो सोडेचना. बारक्याने त्याला प्रश्न विचारला. तोच, ज्यासाठी गेला होता. म्हातारा रडला. बारक्या म्हणाला, "मग मी पुन्हा नाही विचारलं, आई. मला उत्तर मिळालं."

जहाज त्याला सोडून पुढे गेलं. तो तिथेच राहिलाय. रोज त्याला आंघोळ घालतो, दाढी करतो, भरवतो. फोटो पाठवलाय. दोघं बाकावर बसलेत आणि बारक्या हसतोय. त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं की त्याच्या गालाला खळी पडते. त्याच्या बापाला पडायची.

म्हातारा तो नाही, हे मी तुला सांगायला नको. फिटरची डाव्या हाताची करंगळी पुलीत गेली होती. फोटोत डाव्या हाताची पाचही बोटं आहेत, बारक्याच्या खांद्यावर ठेवलेली. पोराला हे ठाऊक असतं तर! पण मी त्याला कधी काही सांगितलं होतं का? पत्र वाच म्हणायचे.

आठ दिवस मी रोज ठरवत होते, आज सांगते. आज सांगते म्हणजे काय सांगू? की तुझा बाप तू दोन वर्षांचा असतानाच बुडाला, आणि तू ज्याचे पाय चेपतोयस तो कोणी नाही? तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणाला तरी बाबा म्हणायला मिळालंय. त्याने काल फोनवर विचारलं, "आई, तू त्यांना माफ करशील ना?" मी हो म्हटलं. म्हटलं, घरी घेऊन ये.

फिटरला पाण्यात पहिल्यांदा तुम्ही सोडलंत. आता मी सोडतेय, डोळे उघडे ठेवून. तुझ्यावर थुंकायचाही हक्क राहिला नाही मला.

तुझा भिंतीचा कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही. ते नाव तिथे लागता कामा नये. बारक्या कधीतरी गोदी बघायला येईल. संग्रहालयाच्या बाईंना सांग, माझं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, कान गेले तशी बुद्धीही गेली. त्यांचा विश्वास बसेल. वसाहतीतल्यांना काही सांगायला लागणार नाही.

सोबत दुसरा कागद आहे. म्हाताऱ्याला इकडे आणायचं तर तो फिटरच आहे, असं घरच्या दोन माणसांनी ओळख पटवून लिहून द्यायचं आहे. एक बायको आणि दुसरा जवळचा नातेवाईक, ज्याने त्याला शेवटचं पाहिलं. मी सही केली आहे. तुझी जागा खाली आहे. ताबडतोब करून पाठव. निदान या खेपेला तरी उशीर करू नकोस.

भिंगरी